माझ्या नावाचा रिपोर्ट

ट्रकमध्ये चढायला पाय लागतात असं लोकांना वाटतं. खरं तर लागतात हात. एक पाय पायरीवर टेकवायचा, दोन्ही हातांनी दांड्या धरायच्या आणि सगळं अंग वर ओढून घ्यायचं. सव्वीस वर्षं मी हे दिवसातून दहा-वीस वेळा केलं आणि त्यात काही कष्ट आहेत असं मला एकदाही वाटलं नाही. बायपास झाल्यावर कळलं. छातीचं हाड मधोमध कापून पुन्हा तारेनं बांधलेलं. तीन महिने काही ओढायचं नाही, ढकलायचं नाही, पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही. खोकला आला तर उशी छातीशी घट्ट धरायची. माझी बायको ती उशी घेऊन घरभर माझ्यामागे फिरायची. मी म्हणायचो, "अगं, मी काय तान्हं बाळ हाय व्हय?" ती म्हणायची, "बाळ परवडलं. ते रडून गप तरी बसतंय."

साडेतीन महिने झाले तसा मी एक दिवस तिला न सांगता आमच्या ट्रान्सपोर्टच्या आवारात गेलो. गाडी उभीच होती. दार उघडलं, दांड्या धरल्या आणि अंग वर खेचलं. छातीत अशी कळ आली की हात आपोआप सुटले. मी पायरीवरून खाली उतरलो आणि इकडेतिकडे बघितलं. माझा जोडीदार दहा पावलांवर उभा होता. त्यानं सगळं पाहिलं होतं. पण तो लगेच पाठ फिरवून टायर तपासायला लागला, जणू मी आलोय हेच त्याला ठाऊक नाही.

लांबच्या ट्रिपला गाडीवर दोघं लागतात. एक स्टेअरिंगवर, दुसरा मागच्या फळीवर आडवा. चौदा वर्षं आम्ही दोघं एकाच गाडीवर होतो. तो होटगीचा, घरची थोडी शेती, तरुणपणी तालमीत जाणारा. मी सोलापुरातल्या वस्तीतला. डॅशबोर्डवर माझी छोटी बुद्धमूर्ती आणि त्याच्या खंडोबाचा फोटो शेजारी शेजारी असायचे आणि उदबत्ती एकच, दोघांत मिळून. "बायकूपरीस जास्त राती म्या ह्याच्यासंगं काढल्यात," असं तो त्याच्या बायकोसमोर म्हणायचा आणि शिव्या खायचा.

निघण्याआधी गाडीभोवती फेरी मारायचं काम त्याचं. हातात टॉमी घ्यायची, म्हणजे चाक खोलायची लोखंडी कांब, आणि एकेका टायरवर ती हाणायची. नुसत्या आवाजावरून तो सांगायचा, कुठल्या टायरात हवा कमी आहे. मला सगळे आवाज सारखेच यायचे. त्याला विचारलं की म्हणायचा, "कान दे की मर्दा. बसल्यालं टायर बद्द वाजतंय."

त्या दिवशी फेरी पुरी करून तो माझ्याकडे आला आणि आत्ताच दिसल्यासारखं म्हणाला, "अरं, कवा आलास? च्या घ्यायचा?"

चहा पिता पिता मी त्याला सगळं सांगितलं. घरात बसून मी सडत चाललो होतो. बायकोला वाटायचं, आता पुरे झालं, गल्लीच्या तोंडाला दुकानाची टपरी टाकावी आणि गूळ-साखर विकत बसावं. तिचं काही चुकत नव्हतं. पण मला दुकानात बसून रस्त्यावरच्या गाड्या बघायच्या नव्हत्या. हैदराबाद रोडला गाडीनं गिअर बदलला की आवाज आमच्या घरापर्यंत यायचा आणि माझा डावा पाय अंथरुणातल्या अंथरुणात क्लच दाबायचा. हे मी कोणाला सांगणार? त्यालाच सांगितलं. तो हसला नाही.

मालक वाईट माणूस नाही. त्यानं सरळ सांगितलं होतं, "डॉक्टरचं पत्र आण, पट्ट्यावर पळायच्या टेस्टचा रिपोर्ट आण आणि किल्ली घेऊन जा. रस्त्यात तुला काय झालं तर तू एकटा जाणार नाहीस, समोरचे चार जण घेऊन जाशील." बोलणं बरोबरच होतं. म्हणून तर मला राग आला.

मला मरणाची भीती नव्हती, त्या पट्ट्याची होती. ऑपरेशनच्या आधी अशाच सरकत्या पट्ट्यावर मला चालवलं होतं आणि तिसऱ्या मिनिटाला मी कोसळलो होतो. त्यातूनच माझं दुखणं उघडं पडलं. पुन्हा त्यावर चढायचं नुसतं मनात आलं तरी तळहाताला घाम सुटायचा. समजा पुन्हा कोसळलो, तर मग कायमचं दुकान, गूळ आणि साखर. माझ्या जिवाला लागलं होतं ते एवढंच, स्टेअरिंगवर परत बसायचं.

ही कल्पना माझीच. ती त्याची होती असं मी कुठे सांगणार नाही. मी म्हणालो, "माझ्या नावानं तू पळ की."

"हात्तिच्या! येवढंच व्हय?" तो म्हणाला. "म्या सांच्यापतूर पळतो. बोल, कवा जायचं?"

त्याला मी आयुष्यात कधी गोळी घेताना पाहिलं नव्हतं. पन्नाशीचा गडी, पण क्विंटलाचं पोतं पाठीवर घेऊन हसत चालायचा. विड्या ओढायचा, त्या काय, सगळेच ओढतात. माझ्या ओळखीत त्याच्याइतकं ठणठणीत दुसरं कोणी नव्हतं.

आम्हाला कोणी ओळखणार नाही अशी, गावाच्या दुसऱ्या टोकाची एक लहानशी लॅब गाठली. काउंटरवरच्या मुलीनं नाव विचारलं, मी माझं नाव सांगितलं. वय सांगितलं, माझं. फोन नंबर दिला, माझा. "पेशंट कोण?" मी त्याच्याकडे बोट दाखवलं. "आणि तुम्ही?"

"भाऊ," मी म्हणालो. तो माझ्याकडे बघून डोळा मारत आत गेला.

वायरी चिकटवायला त्याच्या छातीवरचे केस काढावे लागले. आतून त्याचा आवाज आला, "अरं, पार फड तोडला की ह्यांनी!" काउंटरवरची मुलगी हसली. मीही हसलो. आधी काही ऑपरेशन झालंय का, असं आतल्या माणसानं विचारलं आणि तो "न्हाई की" म्हणाला. त्यात काही खोटं नव्हतं. मग पट्टा सुरू झाल्याचा आवाज आला. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसलो. नऊ मिनिटं झाली की झालं, असं मला कोणीतरी सांगितलं होतं. तीन मिनिटं झाली. पट्ट्याचा वेग वाढला. पाच झाली. सहाव्या मिनिटाला आवाज हळू झाला आणि थांबला.

थोड्या वेळानं एक तरुण डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "तुम्ही यांचे भाऊ ना? जरा आत या." त्यांनी माझ्यासमोर टेबलावर लांबलचक कागद पसरला. त्यावरच्या रेघांवर पेन ठेवून त्या शांतपणे, मला कळेल असं बोलत होत्या. "हे बघा, इथे रेघ खाली उतरते. यांच्या हृदयाला रक्त कमी पडतंय. आठ दिवसांच्या आत हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा. तोवर जड काम करू देऊ नका. हे अंगावर काढण्यासारखं नाही."

मी विचारलं, "म्हणजे रिपोर्ट नापास?"

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. "पास-नापासचं नाहीये हो हे. भाऊ आहेत ना तुमचे?"

"व्हय व्हय, दाखवतो की," मी म्हणालो आणि कागद घेतला.

आता सांगताना मला स्वतःलाच खरं वाटत नाही, पण माझ्या डोक्यात तेव्हा काय झालं ते सांगतो. कागदावर नाव माझं होतं. त्या नावाचं दुखणं आम्हाला आधीच माहीत होतं. त्या नावाला हृदयाचा डॉक्टर होता, त्या नावाचं बायपास झालं होतं. त्याला आणखी काय दाखवायचं? बाई बोलत होत्या त्याच्याबद्दल आणि मला ऐकू येत होतं माझं. पलीकडच्या खोलीत तो शर्टाची बटणं लावत बसला होता, आणि मला फक्त एवढंच दिसत होतं की किल्ली गेली.

बाहेर टपरीवर मी त्याला धरून झापलं. "नऊ मिनिटं चालता आलं न्हाई तुला? कशाला पैलवान म्हणवून घेतो?"

त्याच्या चेहऱ्यावर अजून घाम होता. तो म्हणाला, "मधीच जरा छातीत आवळल्यागत झालं रं. निघताना चार भाकरी हाणल्या न्हवं, शेंगाचटणी अन् तेल. प्वाट भरल्यालं हुतं."

"भाकरी हाणायला कुणी सांगितलं हुतं?"

"चुकलं गड्या." तो कप हातात धरून उभा होता, चहा पीत नव्हता. "माज्यामुळं तुजं काम अडलं."

त्यानं माझी माफी मागितली. मी ती घेतली. एवढंच नाही, सात रस्ता चौकापर्यंत मी त्याच्याशी धड बोललोही नाही. तो होटगीच्या रिक्षात बसला, तेव्हा मी हातसुद्धा केला नाही.

आठवड्यानंतर लॅबमधून माझ्या फोनवर फोन आला. तीच मुलगी असावी. "पेशंटला दाखवलं का हो डॉक्टरांना? मॅडमनी विचारायला सांगितलंय." मी बायकोसमोर बसलो होतो. "दाखवलं की," मी म्हणालो आणि फोन ठेवला. बायकोनं विचारलं कोणाचा, तर कंपनीचा म्हणून सांगितलं.

मग मी हट्टाला पेटलो. दुसऱ्याच्या पायांनी होत नसेल तर आपल्याच पायांनी, असं ठरवलं. रोज सकाळी कंबर तलावापर्यंत चालत जायचं, तिथे दोन फेऱ्या आणि परत. पहिले काही दिवस बायको सोबत यायची, हातात पाण्याची बाटली आणि पिशवीत ती उशी. पुढे उशी घरी राहिली, मग बायकोही. दीड महिन्यानं मी माझ्या हॉस्पिटलात गेलो आणि डॉक्टरांना म्हणालो, चढवा मला पट्ट्यावर. कोसळलो नाही. नऊ मिनिटं पुरी करून वर आणखी अर्धं मिनिट चाललो. डॉक्टरांनी पाठ थोपटली. म्हणाले, "एकदम छान. चालवा गाडी. फक्त दोर ओढायचे नाहीत आणि पोती उचलायची नाहीत."

रिपोर्ट हातात घेऊन मी जिना उतरत होतो. चौथ्या की पाचव्या पायरीवर माझ्या मनात आलं, माझं काळीज चांगलं आहे, तर मग ते वाईट कोणाचं होतं?

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं असं मी म्हणालो, तर ते खोटं आहे. आलं होतं. कठड्याला हात लावून मी क्षणभर थांबलोसुद्धा. मग भाकरी आठवली, शेंगाचटणी आठवली. म्हटलं, पोट भरलेलं असेल, मशीन जुनं असेल. आणि माझ्या हातात किल्ली आली होती. मला धावत जाऊन ती बातमी त्यालाच सांगायची होती. बातमी ऐकून तो माझ्यापेक्षा जास्त नाचला. दोन पेढे स्वतः खाल्ले, दोन मला कोंबले. त्या पेढ्यांच्या वेळी तरी विचारायचं होतं, की तू एकदा दाखवून येतोस का. एका वाक्याचं काम होतं.

पहिली ट्रिप दुधनीची, तुरीची पोती आणायला. सकाळी मी आवारात पोचलो तर त्यानं गाडी धुऊन ठेवली होती. सीटवर माझा जुना टॉवेल घडी करून टाकलेला. तो माझ्यापेक्षा उंच, त्यामुळे त्याच्या पाळीनंतर आरसे नेहमी मला वर वाटायचे आणि त्यावरून आमची चौदा वर्षं भांडणं. त्या दिवशी आरसे माझ्या डोळ्यांच्या रेषेत होते. सीटसुद्धा पुढे सरकवलेली. मी दांड्या धरल्या. तो मागून म्हणाला, "सावकास. गडबड न्हाई." त्यानं माझ्या पाठीला हात लावला नाही, पण तो मागे हात पसरून उभा असणार हे मला न बघता ठाऊक होतं. मी वर गेलो. छाती दुखली, पण गेलो.

अक्कलकोट सोडलं तसा मी रडायला लागलो. चालत्या गाडीत, स्टेअरिंगवर. तो खिडकीबाहेर तुरीच्या रानाकडे बघत राहिला आणि थोड्या वेळानं म्हणाला, "नाक पूस आदी. रस्ता दिसंना झाला की आपुन दोगंबी जातो." दुधनीच्या बाजारात हमालांशी तो कानडीत बोलायचा, मला त्यातलं ओ की ठो कळत नसे. त्या दिवशी तो माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी सांगत होता. सगळे हमाल येऊन माझ्या शर्टाच्या उघड्या गळ्यातून ती लांब खूण बघून गेले. मला लाज वाटली आणि बरंही वाटलं.

दोर ओढायची मला बंदी. माल भरला की वर ताडपत्री अंथरायची आणि दोर टाकून ती आवळायची. त्या दोराला दोघं लागतात. एक पाय टायरला रोवून ओढणारा, दुसरा गाठ मारणारा. आता दोन्ही तोच करू लागला. मी खाली उभा राहून नुसता "डावीकडून घे, उजवीकडून घे" करायचो. एकदा मी दोराला हात घातला तर त्यानं माझ्या हातावर चापट मारली. "डॉक्टरनी सांगितलंय न्हवं? गप हुबा ऱ्हा." ओढताना तो थांबायचा, कमरेवर हात ठेवून श्वास घ्यायचा. आधी असा थांबत नसे. मी म्हणायचो, "म्हातारा झालास की रं." तो म्हणायचा, "तुजं काम बी माज्याच डोक्यावर. मंग काय व्हणार?" आणि दोघं हसायचो. पाच महिने असे गेले. माझ्या आयुष्यातले ते सुखाचे दिवस होते, हे म्हणताना मला आज शरम वाटते.

बार्शीला एका डाळमिलच्या आवारात सकाळचे दहा वाजले असतील. गाडी भरली होती. तो ताडपत्रीचे दोर आवळत होता, मी पाण्याची कॅन भरून आणत होतो. येऊन बघतो तर तो मागच्या टायरला टेकून खाली बसलेला. दोराचं टोक अजून मुठीत. तोंड मातीच्या रंगाचं झालं होतं.

"जरा पानी दे," तो म्हणाला. मग म्हणाला, "पुन्ना तसंच आवळतंय रं. भाकर बी खाल्ली न्हाई आज."

मी कॅन तिथेच टाकली. खिशात माझी जिभेखाली ठेवायची गोळी असते, बायको रोज शर्ट देताना ती आहे का बघते. मी ती त्याच्या जिभेखाली ठेवली. मिलमधल्या लोकांनी टेम्पो आणला. त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि मी सारखा बडबडत होतो, की आलंच हॉस्पिटल, आलंच. त्यानं एकदा डोळे उघडून मला विचारलं, "दोर ढिला ऱ्हायला का?" मी म्हणालो, "न्हाई, चांगला आवळलाय." त्यानंतर तो बोलला नाही. हॉस्पिटलच्या दारात डॉक्टरांनी टेम्पोतच बघितलं आणि नाही म्हणून मान हलवली.

होटगीला त्याला घेऊन आलो तेव्हा दुपार उतरत होती. त्याच्या बायकोला मी वहिनी म्हणतो. माती झाली, दहावा झाला, तेरावा झाला, आणि आलेल्या प्रत्येक माणसाला वहिनी एकच सांगायच्या. "कवा डोस्कं दुकलं म्हनून निजल्यालं मानूस न्हाई. कायतरी खून दावायची हुती की देवानं. म्या दागिनं इकून दवाखाना केला असता." बायका डोळे पुसायच्या. मी भिंतीला टेकून बसायचो. माझ्याकडे बघून त्या म्हणायच्या, "भावजी, तुमी तर रातंदिस संगं हुता. तुमाला बी काय दिसलं न्हाई?" मी मान हलवायचो. ती मान कुठल्या बाजूला हलत होती कोण जाणे.

माझ्या घरी कपाटात माझी फाईल आहे. बायकोनं तारखेप्रमाणे सगळे कागद लावलेत. एक दिवस मी ती उघडली. तो कागद त्यातच होता. मी कधीतरी टाकला असणार, नाव माझं म्हणून तिनं नीट जागी लावून ठेवला होता. मी तो पसरला. डॉक्टरीणबाईंनी पेनानं केलेली खूण अजून होती. खाली उतरणारी ती रेघ होती. बायको मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "ह्यो कधीचा? ह्या येळंला तर आपण हॉस्पिटलात गेलोच नव्हतो." मग मी तिला सगळं सांगितलं. मला वाटलं ती म्हणेल, तुमचा काय दोष. ती म्हणाली, "वहिनीला सांगा. आजच."

आज नाही, मी तीन आठवड्यांनी गेलो. तोवर दोनदा होटगीच्या फाटकापर्यंत जाऊन परत आलो होतो. रेल्वेचं फाटक बंद होतं, असं मी बायकोला एकदा सांगितलं. ते उघडल्यानंतरही मी तिथेच उभा होतो, हे नाही सांगितलं.

वहिनी अंगणात ज्वारी निवडत बसल्या होत्या. मी समोर बसलो आणि कागद पिशवीतून काढला. एकदा सुरुवात केल्यावर मी काहीच गाळलं नाही. कल्पना माझी, नाव माझं, भाऊ म्हणून आत गेलो तोही मीच. बाई काय म्हणाल्या ते शब्दाला शब्द सांगितलं. आठ दिवसांत दाखवा. जड काम नको. टपरीवर मी त्याला झापलं तेही. फोन आला होता तेही. जिन्यातलंही.

त्यांचा हात सुपातच थांबला होता. त्या म्हणाल्या, "त्या दिशी घरला आल्यावर मला म्हनले हुते. आज माज्यामुळं त्याचं काम बिगडलं. लई चिडलाय माज्यावर. रातीचं जेवलं बी न्हाईत." मग म्हणाल्या, "म्या म्हनलं, भांडान मिटंल की. म्या त्याच्यावर हसले."

त्यांनी हात पुढे केला. मी कागद दिला. इंग्रजी त्यांना येत नाही. पण रेघांना वाचता यायची गरज नसते. त्यांनी एका रेघेवर बोट ठेवलं आणि ते बोट सावकाश कागदाच्या कडेपर्यंत नेलं. मग दुसऱ्या रेघेवर. मग विचारलं, "हितं नाव कुटं असतंय?"

मी दाखवलं.

"हे तुमचं नाव हाय?"

"व्हय, वहिनी."

"त्यांचं कुटंच न्हाई?"

"न्हाई."

त्यांनी कागदाची आधीची घडी होती तशीच पुन्हा घातली, कडेला कड जुळवून. मला वाटलं, आता त्या ओरडतील. मी त्यासाठीच गेलो होतो. ओरडल्या असत्या, मारलं असतं, चार माणसं गोळा केली असती, तर मला घरी जाऊन झोप तरी लागली असती. त्यांनी कागद माझ्या हातात परत दिला.

"नाव तुमचं हाय," त्या म्हणाल्या. "तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या."

आणि सूप पुढे ओढून पुन्हा ज्वारी निवडायला लागल्या.

मी अजून गाडी चालवतो. जवळच्याच ट्रिपा घेतो. दुसरा जोडीदार मालक देत होता, मी नको म्हणालो. निघायच्या आधी टॉमी घेऊन एकेका टायरवर हाणतो आणि कान देतो. मला अजूनही सगळे आवाज सारखेच येतात, म्हणून मग हवा मोजायचं यंत्र लावून बघतो. डॉक्टरांनी नको सांगितलेले दोर मीच ओढतो. छातीतली तार ओढल्यासारखी होते, पण आत काही होत नाही. दर सहा महिन्यांनी पट्ट्यावर चढतो आणि दर वेळी डॉक्टर म्हणतात, छान.

त्या दिवशी वहिनींनी कागद परत दिल्यावर मी उठून अंगणाच्या बाहेर पडलो, चप्पल पायात सरकवत होतो, तेवढ्यात मागून हाक आली. मी वळलो. वहिनींनी सुपातून मान वर केली नव्हती. जो तो मला विचारतो तेच, सवयीनं त्यांच्याही तोंडून निघून गेलं असावं.

"भावजी, तुमच्या छातीचं कसं हाय आता?"

मी म्हणालो, "बरं हाय, वहिनी."